बोयांची चोळी

दांडीच्या किनाऱ्यावर जमनावैनीचा लिलाव ज्याने ऐकला नाही त्याला काय आणि कसं सांगायचं, पण सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही. भरतीच्या पाण्यावर बोटी आत आल्या, मासळीच्या पाट्या वाळूवर उतरल्या, की पदर कमरेला खोचून ती मधोमध उभी राहायची आणि तिचा आवाज सुरूच्या झाडांपलीकडे थेट गावात पोचायचा. भोवती पाटीवाल्या बायकांचं आणि बोईसरच्या व्यापाऱ्यांचं कोंडाळं. कोण नुसती भुवई उडवून बोली वाढवतो, कोण शेजारणीच्या पाठीमागून बोट वर करतो, सगळं तिला दिसायचं. "एकदा," म्हणायची. "दोनदा," म्हणायची. आणि मग अशी काही थांबायची की घेणारा आपणहून बोली वाढवायचा. एकदा का तिच्या तोंडून "तीनदा" निघालं की खेळ खलास. मागाहून कुणी कुरकुर केली तर ती मान वळवूनही बघायची नाही. "तीनदा झालं. आता त्यावर बोलायचं नाय," एवढंच म्हणायची आणि पुढच्या पाटीला हात घालायची.

जमना म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, कमलाकांतची बायको. माहेर मुरब्याचं. ती लग्न होऊन आली तेव्हा लिलाव वामनकाका करायचे. एका दिवशी काकांचा घसा असा बसला की तोंडातून नुसती हवाच बाहेर पडत होती. बोटी लागलेल्या, मासळी उन्हात पडलेली आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. तेव्हा या नव्या नवरीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि सुरुवात केली. माझ्या आयने घरी येऊन कपाळावर हात मारून घेतला, सून चारचौघांत ओरडते म्हणून. पण वामनकाका दुसऱ्या दिवशी खाणाखुणा करत घरी आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नलू, तुजी सून वरडली तर मासळीला भाव येतो. तू गप ऱ्हा." आय गप्प राहिली. आमच्या घराच्या इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

मी उषा. तेव्हा बोईसरला डॉक्टर सबनीस बाईंच्या प्रसूतिगृहात कामाला होते. नर्सची परीक्षा दिलेली नव्हती, पण बाईंनी शिकवलेलं सगळं येत होतं आणि त्याचा मला ताठा होता. तो अजूनही आहे. दवाखान्यात सालवडच्या चाळींतून कारखान्यातल्या कामगारांच्या बायका यायच्या, तारापूरकडच्या वाड्यांमधून मासेमारांच्या यायच्या. आमच्या घरची सून मात्र येत नव्हती, कारण आयचं म्हणणं, तिची स्वतःची बाळंतपणं घरात झाली, मग सुनेचं काय सोनं लागलंय.

तर ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. थंडी सरत आली होती. रविवार म्हणून मी किनाऱ्यावर होते. दादूच्या बोटीला घोळ मासळी लागली होती, एवढी थोरली की दोघांनी धरून आणली. तिच्या नुसत्या पोटातल्या भोतासाठी, म्हणजे हवेच्या पिशवीसाठी, व्यापारी हपापलेले असतात. दोघे तर इरेलाच पेटले होते आणि वैनी त्यांना झुलवत होती. मला तर उभ्या जागी घाम फुटला होता, असा तो लिलाव रंगला होता.

"एकदा," वैनी म्हणाली. "दोनदा," म्हणाली. आणि थांबली.

आम्हाला वाटलं, नेहमीची थांबते तशी थांबली. सगळ्यांनी श्वास धरून ठेवला. वैनीची मान हळूहळू छातीवर आली आणि बघता बघता ती उभ्याउभ्या घोरायला लागली.

किनारा हसून लोळायचा बाकी राहिला. दोन्ही व्यापारी घोळीवर हात ठेवून भांडायला लागले. एक म्हणतो शेवटची बोली माझी, दुसरा म्हणतो तीनदा झालंच नाही तर लिलाव कसला. मी धावत जाऊन वैनीला धरलं नसतं तर ती त्या घोळीवरच आडवी झाली असती. बायका म्हणाल्या, सातवा महिना हाय, झोप येणारच. मीही हसत होते. पण वैनीने डोळे उघडले, भोवती बघितलं, आणि तिच्या तोंडावर जी भीती दिसली ती बघून माझं हसू जागच्या जागी विरलं. तिने आधी दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

कारण हे दुसरं होतं. पहिलं दोन वर्षांपूर्वी, दिवस भरत आलेले असताना, पोटातच गेलं. मुलगा होता. चांगला भरलेला, गालाला खळी, आत्ता उठून रडेल असा. सुईणीने गुंडाळून दिला आणि माझा भाऊ त्याला घेऊन गेला. त्यानंतर वैनी लिलावाला परत उभी राहिली, आवाजही तोच राहिला, पण एखाद्या दारात झोळी टांगलेली दिसली की ती वाट बदलायची. या खेपेला तिला हे मूल जिवंत हातात हवं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण आम्ही सगळेच त्याच एका गोष्टीवर जीव टांगून बसलो होतो.

पहिल्याचं कारण आयने आपल्यापुरतं शोधून ठेवलं होतं. जमना झोपेत तळमळते, या कुशीवरून त्या कुशीवर लोळते, म्हणून नाळ पोराच्या गळ्याला गुंडाळली गेली. आमच्याकडे रीतच आहे तशी. पोटुशी बाईने पडल्या पडल्या कूस बदलायची नाही. आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगाला वळून निजायचं. पहिल्या खेपेलाही आय तिला सरळ उताणी निजवायची आणि हाक मारमारून सांगायची. या खेपेला तिने कायदाच केला. वैनी जेवून आडवी झाली की तिला उताणी निजवायची आणि दोन्ही अंगांना जुन्या जाळ्यांच्या जाडजूड गुंडाळ्या लावायची, अगदी दाबून, हलायला वाव म्हणून नाही. वर स्वतः उंबऱ्यात बोंबील निवडत पहाऱ्याला. "वळायचं झालं तर मला हाक मार, मी उठवून बसवते," म्हणायची. वैनी हाक कुठली मारणार? तिचा डोळा मिटायचा अवकाश, ती घोरायला लागलेली असायची.

आणि खाणं! सकाळी नीरा, मग खजूर, मग गूळखोबऱ्याच्या वड्या, संध्याकाळी खीर. गल्लीतल्या बायका डोहाळे पुरवायला ताटं आणायच्या, आणि आय ती सगळी सुनेच्या पोटात रिचवायची. वैनी अंगाने सुटत चालली होती. गळ्याखाली मांस आलं होतं. सारखी तहान, सारखी लघवी, सारखी झोप. आय म्हणायची, बाळ बाळसं धरतंय.

घोरण्याबद्दल तर विचारू नका. कुडाच्या भिंती त्या, आवाज अख्ख्या गल्लीला जायचा. माणसं म्हणायची, "चला, जमनाची लाँच निघाली." कुणी समोरून विचारायचं, "आज किती वाव खोल पाण्यात?" आय उलट खूश. "बघ, माज्या सुनेला झोप कशी गाढ लागते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वैनी मात्र उठायची ती डोकं धरून, तोंड कोरडं पडलेलं. "आये, मला झोपल्यासारखं वाटतच नाय," म्हणायची. आय म्हणायची, "मग अजून जरा नीज."

घोळीच्या त्या प्रकारानंतर दोन-तीन दिवसांनी मी दुपारी लवकर घरी आले. आय मागच्या दारी बांबूंच्या वलांडीवरचे वाळलेले बोंबील उतरवत होती. वैनी दोन गुंडाळ्यांच्या मध्ये उताणी, लाँच जोरात. मी भाकरी घेऊन तिच्याशेजारीच बसले. आणि तोंडात घास असताना माझ्या लक्षात आलं की लाँच बंद पडली.

बंद म्हणजे एकदम बंद. मला आधी बरंच वाटलं, म्हटलं आली सुखाची झोप. मग सहज बघितलं. तिची छाती वरखाली होत होती, पोट ओढलं जात होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण नाकातोंडातून आवाज नाही. वारा नाहीच. कुणी तोंडावर उशी दाबून धरावी आणि माणसाने धडपडावं, तशी ती धडपडत होती, आणि डोळे मिटलेले. ओठ काळपट दिसायला लागले. मी हाक मारायला तोंड उघडलं तर घास अडकला. तेवढ्यात ती अशी काही जोरात आचका देऊन श्वास घेती झाली की माझ्या हातातली थाळी पडली. आणि लाँच पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मी घाम पुसते न पुसते तोच पुन्हा बंद.

मी आयला ओढत आणलं. "बघ," म्हटलं.

"सपान बघत आसल."

"आय, ती श्वास घेत नाय."

"घेत नाय तर घोरते कशी? तू दोन इंजेक्शनं द्यायला शिकलीस तर मला शिकवतेस? चार बाळंतपणं झाली माजी."

मग आमची जुंपली. मी आणि आय भांडलो की गल्ली हातातलं काम सोडून ऐकते. मी म्हटलं ती मरेल, आय म्हणाली वाईट बोलू नको, मी म्हटलं मग त्या गुंडाळ्या काढ, आय म्हणाली आधी मला काढ या घरातनं. कमलाकांत किनाऱ्यावरून आला तो दारातच उभा. माझा भाऊ दिवसाकाठी मोजकंच बोलतो. त्याने निजलेल्या बायकोकडे बघितलं, लाँच बंद पडली तशी तो तिच्या तोंडाशी वाकला, आणि सुरू होईपर्यंत तसाच वाकून राहिला. मग उठून म्हणाला, "उषा, उद्या ने तिला." आय फणकारली, "मग मी बी येते. बघते काय सांगतात त्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीने बोईसरला. आय वाटभर खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. वैनी माझ्या खांद्यावर मान टाकून पास्थळ यायच्या आतच झोपली.

दवाखान्यात लघवी मीच तपासायला घेतली. तेव्हा पद्धत साधी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. साखर नसली तर निळं ते निळंच राहतं. मी नळी धरली आणि माझ्या डोळ्यांदेखत निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लालभडक. मी नळी घेऊन तशीच बाईंच्या टेबलाकडे पळाले.

सबनीस बाई तशा शांत. पण पहिल्या बाळाची हकीगत ऐकली आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. रक्त घेतलं, पालघरला तपासायला पाठवलं. म्हणाल्या, "काही बायकांना गरोदरपणात मधुमेह होतो. साखर वाढते, बाळ वाजवीपेक्षा मोठं होतं, आणि लक्ष दिलं नाही तर शेवटच्या दिवसांत दगावतंही. यावर इलाज आहे. पण उषा, ते झोपेचं तू काय म्हणत होतीस?"

मी सांगितलं. त्या उठल्याच खुर्चीतून. "निजव तिला. इथेच. घरी निजते तशी."

वैनीला निजवायला काय लागतंय? खाटेवर पाठ टेकली आणि गेली. बाईंनी कापसाचा पुंजका घेतला, पिंजून अगदी विरळ केला आणि तिच्या नाकाशी धरला. मी, आय आणि बाई, तिघी त्या कापसावर डोळे लावून. घोरण्याबरोबर कापूस हलत होता, आत, बाहेर. बाहेरच्या बाकावर सालवडचा रामकिसन बायकोला घेऊन बसला होता. तो दारातून डोकावून म्हणाला, "सिस्टर, अंदर कौन-सा मशीन चल रहा है?" मी त्याला हाताने गप्प केलं. आणि कापूस थांबला.

छाती हलतेय, पोट हलतेय, आणि कापूस जागच्या जागी. आयने माझं मनगट धरलं. कापूस हलेना. आयची नखं माझ्या हातात रुतली. मग तो आचका, आणि कापूस बाईंच्या बोटांतून उडून खाली पडला.

"आता कुशीवर," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लकाकत होते. आम्ही वैनीला डाव्या अंगावर वळवलं, पाठीला उशी लावली, डोकं उंच केलं. नवा कापूस धरला. घोरत होती, पण हळू. कापूस हलत राहिला. आम्ही वाट बघत होतो, आता थांबेल, मग थांबेल. थांबला, पण लगेच चालू झाला. मी नाचायचीच बाकी होते. बाईही हसल्या, शाळकरी मुलीला गणित सुटल्यावर होतो तसा आनंद त्यांना झाला होता.

मग त्यांनी नीट सांगितलं. झोपेत घशामागची वाट मिटते. अंगावर चरबी चढली, गरोदरपणाने आतून सूज आली, त्यात उताणं निजलं, की जीभ मागे पडते आणि वाट बंद. मग श्वास कोंडतो, मेंदू घाबरून तिला अर्धवट जागं करतो, असं रात्रभर. म्हणून तिला दिवसा झोप. "या दुखण्याबद्दल मी मुंबईत एका व्याख्यानाला ऐकलं होतं. परदेशात नाकावाटे हवा सोडायचं यंत्र लावतात. आपल्याकडे ते मिळायचं नाही. हिच्या साखरेचा आणि या कोंडण्याचा आपसात काही संबंध आहे का, मला माहीत नाही, कुणी सांगितलेलं नाही अजून. पण दोन्ही हिच्यात आहेत आणि दोन्ही बाळाला वाईट. साखर मी सांभाळते. झोप तुम्ही सांभाळा. हिला उताणं निजू द्यायचं नाही."

आय इतका वेळ उभीच होती. तिने विचारलं, "मग पयला? त्याच्या येळी बी मी हिला सरळच निजवायची."

बाई म्हणाल्या, "मावशी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. साखर तेव्हाही असणार, आणि ती कुणी तपासली नाही. तुमच्यामुळे गेलं असं मी म्हणणार नाही. आणि तुमच्या निजवण्याने काहीच झालं नसेल, असं खोटंही सांगणार नाही."

घरी आल्यावर आयने आधी त्या दोन गुंडाळ्या उचलल्या आणि ओढत नेऊन वलांडीखाली टाकल्या. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

आता खरी पंचाईत पुढेच होती. कुशीवर निजवलेलं माणूस झोपेत कुशीवर राहत नाही. उशी लावली, सरकली. पाटी लावली, वैनी पाटीसकट उताणी. पहिले दोन दिवस आम्ही पाळीपाळीने जागत बसलो आणि तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात उभ्यानेच पेंगले. संध्याकाळी घरी येते तर आय अंगणात जाळं मांडीवर घेऊन बसलेली, आणि जाळ्याच्या काठाचे बोये सोडवत होती. जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून लावतात ते, मुठीएवढे, टणक. शेजारी वैनीची जुनी चोळी.

"हे काय?"

"बगशील."

तिने चोळीच्या पाठीला आतून जाड कापड लावलं आणि जाळ्याच्या दोऱ्याने त्यात ओळीने बोये शिवून टाकले. जाळ्याला मारते तीच गाठ. वैनीला घातली. मागून बघितलं तर पाठीला कुबड आलेलं. गल्ली जमली, हसून हसून बायकांचे डोळे भरले. "जमना आता बुडायची नाय," कुणीतरी म्हणालं. वैनीच सगळ्यांत जास्त हसत होती. मग ती निजली. जाळ्यांचा उतरता ढीग करून दिला होता त्यावर, डोकं वर करून, डाव्या अंगाला. झोपेत थोड्या वेळाने सवयीने पाठीवर वळायला गेली, बोये टोचले, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा आपली कुशीवर. आम्ही श्वास रोखून बघत होतो. पुन्हा वळायला गेली, पुन्हा बोयांनी परतवली. लाँच नव्हतीच. नुसता होडीच्या कडेला पाणी लागतं तसा आवाज. आय उंबऱ्यात बसून ऐकत होती. गल्लीत इतकी शांतता की पलीकडची म्हातारी काठी टेकत विचारायला आली, जमना ठीक हाय ना.

सकाळी वैनी उठली आणि अंगणात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "उषा," म्हणाली, "मी झोपले गं." आणि रडायलाच लागली. नुसतं झोपायला मिळालं म्हणून माणूस रडतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मलाही राहवलं नाही.

पुढचे दोन महिने आम्ही पळत होतो असंच आठवतं. नीरा बंद, गूळ बंद, खीर बंद. ज्या आयने ताटं रिचवली तीच आता दारात उभी राहून ताटं परत पाठवायची. भाकरी, भाजी आणि मासळी, तेही बाईंनी सांगितलं तेवढं. इन्सुलिन मी टोचायची, काचेची सिरिंज उकळून. बाटली कमलाकांतने बर्फाच्या पेटीत पापलेटांवर ठेवली तेव्हा मी केवढी ओरडले, गोठली तर वाया जाईल म्हणून. मग त्याने पाण्याच्या मडक्याला ओलं फडकं गुंडाळून तिच्यासाठी जागा केली, आणि येताजाता मडक्याला हात लावून बघायचा. माझी निळी नळी आता हिरव्याच्या पुढे जात नव्हती. एका दिवशी ती निळीच राहिली आणि मी दवाखान्यात मोठ्याने ओरडले, तर रामकिसनची बायको दचकून उठून बसली. वैनी किनाऱ्यावर पालथ्या पाटीवर बसून लिलाव करू लागली, पाठीचा कणा ताठ, आवाज पुन्हा सुरूच्या झाडांपलीकडे. दादूने मुद्दाम विचारलं, "दोनदाच्या पुढं येतं ना?" तिने त्याला पाटीतला बोंबील फेकून मारला.

बाईंनी दिवस पूर्ण भरू दिले नाहीत. म्हणाल्या, शेवटचे दिवसच घातक, आपण आधीच कळा आणू. मुंबईला न्यावं लागलं तर म्हणून जीप सांगून ठेवली. सकाळी सलाइन लावलं. मी आत, आय आणि कमलाकांत बाहेर बाकावर. वैनी जोर लावत होती आणि तिचा तो लिलावाचा आवाज, अख्खं बोईसर ऐकत असणार. डोकं आलं. आणि मग खांदा अडकला. मूल मोठंच होतं. बाईंचा आवाज एकदम धारदार झाला, "उषा, गुडघे छातीशी, दाब, सोडू नकोस." मी माझं सगळं वजन टाकलं. बाईंचे हात आत वळले, आणि मूल सुटून बाहेर आलं. मुलगी. निळसर. गप्प.

मी नाडी बघितली, नाक पुसलं, पाठ चोळली. काही नाही. बाईंनी तळव्यावर टिचकी मारली. माझ्या डोळ्यांपुढे तो गुंडाळलेला पहिला आला. वैनी मान उचलून बघत होती. आणि पोरीने तोंड वासलं. देवा, काय ओरडली ती. मला हसू आलं, रडू आलं, मी काय करत होते मलाच कळत नव्हतं. बाहेरून कमलाकांतचा आवाज आला, "वरडली," एवढंच. बाई म्हणाल्या, "लगेच पाजा, हिची साखर एकदम उतरू शकते, उशीर नको." पोर लागली आणि चुटूचुटू ओढायला लागली, लिलावाला आल्यासारखी घाईने.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दुपारची गोष्ट सांगते आणि थांबते. वैनी डाव्या कुशीवर, अंगात बोयांची चोळी, पुढ्यात पोर. मी दाराआड दुपटी घडी करत होते. आय हळूच आत आली. तिच्या बोटांत कापूस होता, पिंजून विरळ केलेला. तिने तो आधी सुनेच्या नाकाशी धरला. हलला. मग नातीच्या नाकाशी धरला. तोही हलला. पुन्हा सुनेच्या, पुन्हा नातीच्या. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि अगदी हलक्या आवाजात, निजलेल्या सुनेला सांगावं तसं म्हणाली, "पयल्याच्या येळी बी मीच तुला सरळ निजवली, बाय. माज्याच हातानं."

वैनी जागी होती. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त हात मागे नेऊन सासूचा हात चाचपडला, ओढून पोरीच्या पाठीवर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला.

"आये," ती म्हणाली, "तीनदा झालं. आता त्यावर बोलायचं नाय."

आय तशीच बसून राहिली. हात काढला नाही तिने, संध्याकाळी बोटी लागल्याची हाक आली तरी.